जास्त भरलेली रोकड

रोकड कमी भरली की हिशेबनीसाला घाम फुटतो, हे सर्वांना ठाऊक असते. रोकड जास्त भरली की त्याहून अधिक घाम फुटतो, हे मात्र या व्यवसायात मुरलेल्यांनाच कळते. कमी पडलेल्या पैशाला बहुधा साधे कारण निघते: कुणी व्हाउचर करायचे विसरलेले असते, कुणी उचल घेतलेली असते, फार तर कुणी हात मारलेला असतो. जास्तीच्या पैशाला मात्र कुणीतरी मालक असतो आणि तो आपल्या पुस्तकात नसतो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मुंबईतल्या बेघर पुरुषांसाठीच्या आमच्या संस्थेच्या निवाऱ्यात मी न कळवता रोकड मोजायला गेले, तेव्हा पेटी कॅशच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रोकडीच्या, वहीप्रमाणे ४,२१५ रुपये शिल्लक असायला हवी होती. ती होती. पण तिच्याखाली, पेटीच्या दुसऱ्या कप्प्यात, दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवून त्यांत गुंडाळलेल्या नोटांच्या पुरचुंड्या रचून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या रबरबँडखाली कागदाचा एक चिटोरा खोचलेला होता. मोजल्यावर ते पैसे ३४,४५० रुपये भरले.

निवाऱ्यातले सगळे ज्यांना मामा म्हणतात ते रात्रपाळीचे केअरटेकर शेजारीच उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर पकडले गेल्याचा भाव अजिबात नव्हता. सुट्या नोटा उडतील म्हणून त्यांनी फक्त पंखा बंद केला. मग उशाखालून एक शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर नाव होते, पण ते आधार कार्डावर असते तसले नाव असेलच असे नव्हते. ‘परभणी’, ‘केटरिंग थोरला’, ‘केटरिंग धाकटा’, ‘चष्मा’, ‘परळ पुलाखाली होता तो’. नावाखाली तारीख, रक्कम आधी आकड्यांत आणि मग अक्षरांत, समोर सही किंवा अंगठा. काढून नेलेल्या पैशापुढे कारण. चप्पल, गावी आईला, मोबाइल, दाढी, दवाखाना. एका ठिकाणी दोनशे रुपयांपुढे नुसते ‘मन’ असे लिहिले होते. हे काय, असे विचारल्यावर मामा म्हणाले, “त्याचं मन झालं खर्च करायचं. कारण विचारलं तर खोटं सांगितलं असतं, म्हणून मीच लिहिलं.”

बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात मी बरीच वर्षे काढली आहेत आणि तिथली शिकवण अशी की, इतक्या नीटनेटक्या वहीचाच आधी संशय घ्यावा. म्हणून मी खुर्ची ओढून पान न पान बेरजा केल्या, अंगठ्यांचे ठसे एकमेकांशी ताडून पाहिले, खाडाखोड शोधली, पुरचुंड्यांवरचे चिटोरे आणि पानांवरच्या शिलका एकेक करून जुळवल्या.

वही रुपयान् रुपयाला जुळली.

त्याच महिन्यात आमच्या मुख्य कार्यालयाच्या संगणकीय पुस्तकांत एक रक्कम कुठल्या खात्याला टाकायची हे न ठरल्यामुळे सस्पेन्समध्ये पडून होती, हेही इथे सांगून टाकते. पण वही जुळल्यामुळे माझा प्रश्न सुटला नाही. धर्मादाय संस्थेच्या पेटीत संस्थेच्या मालकीचे नसलेले पैसे निघाले, तर ते कुणाचे आणि कुठल्या अधिकाराने ठेवले, हे ऑडिटर विचारणारच. निनावी देणग्यांवर आयकर कायद्यात तीस टक्के कर आहे. रक्कम एवढी लहान की कर बसला नसता, पण खुलासा मागितला गेलाच असता. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आहे आणि तो इथे लागू होतो का, असे दोन वकिलांना विचारले तर तीन मते मिळतील. उद्या पेटी चोरीला गेली तर भरपाई कोण देणार? मामांना रात्री-अपरात्री काही झाले, तर ‘चष्मा’ म्हणजे नेमका कोणता माणूस हे कोण सांगणार? घरी परतताना लोकलमध्ये या प्रश्नांची यादी माझ्या डोक्यात आपोआप तयार होत होती, आणि त्याच वेळी हेही दिसत होते की, आमच्या वार्षिक अहवालात छापलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ही वही मोठी आहे.

ते पैसे कुठून येतात हे समजून घ्यायचे तर निवाऱ्यात संध्याकाळी सातला न जाता मध्यरात्रीनंतर जायला हवे. बेघर माणूस म्हटले की सिग्नलवर हात पसरणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडे राहणारे बहुतेक जण कामावरून थकून येतात. कुणी नाक्यावर उभे राहून बिगारीचे काम मिळवतो, कुणी बाजारात हमाली करतो, आणि बरेच जण लग्नांच्या केटरिंगमध्ये वाढपी म्हणून किंवा भांडी घासायला जातात. आपण पंगतीत किंवा बुफेला ज्याच्या हातून जिलेबी वाढून घेतो, तो पांढरा कोट उतरवून नंतर कुठे झोपायला जातो, हा विचार बँकेत असताना माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. या कामाची मजुरी रात्री उशिरा रोख मिळते, आणि ती खिशात घेऊन उघड्यावर झोपणे म्हणजे पहाटेपर्यंत कुणीतरी ब्लेड मारणार हे गृहीत धरणे होय. म्हणून पदपथावर राहणारा माणूस पैसे पानवाल्याकडे ठेवतो, हॉटेलच्या गल्ल्यावर ठेवतो, ओळखीच्या मुकादमाकडे ठेवतो. कुणी प्रामाणिकपणे परत करतो, कुणी थोडे कापून देतो, आणि एखाद्या दिवशी पानाची टपरीच जागेवर नसते. त्या जगात पैसे मिळवण्यापेक्षा ते सकाळपर्यंत राखणे कठीण असते.

मामांची वही मी पुढे महिनावार मांडून पाहिली, तेव्हा तिच्यातला जमेचा आलेख पंचांगाप्रमाणे चालताना दिसला. तुळशीच्या लग्नानंतर पाने भरू लागतात, लग्नसराईभर भरत राहतात, आणि आषाढात चातुर्मास लागला की जमेच्या नोंदी आटून खर्चाच्या वाढतात. मी मोजणी केली ती नेमकी हंगाम सरतानाची, म्हणून शिल्लक एवढी मोठी होती. बँकेत हंगामी उद्योगांच्या खेळत्या भांडवलाचे असे आलेख मी कितीतरी पाहिले होते. साखर कारखान्यांचे असत, जिनिंग मिलचे असत. ‘केटरिंग धाकटा’चा आलेख त्यांच्यापेक्षा वेगळा नव्हता, फक्त त्याला पावसाळ्यापुरते कर्ज देणारे कुणी नव्हते.

या माणसांचे पैसे आणि बँक यांची गाठ पडते तेव्हा काय होते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्यावर आम्हा कार्यालयातल्या लोकांनाही शाखांच्या मदतीला पाठवले होते. नोटा बदलून घ्यायला अर्ज भरायचा, सोबत ओळखपत्राची प्रत जोडायची. पुढे बोटाला शाईही लावू लागले. रांगेतला एक माणूस मला लख्ख आठवतो, कारण त्याने नोटा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कमरेला बांधल्या होत्या आणि त्या सोडताना त्याला शर्ट वर करावा लागल्याने मागचे लोक हसले होते. त्याच्याजवळ ओळखपत्र नव्हते. कुठलेच नव्हते. त्याच्या मागे उभा असलेला एक नीटनेटका गृहस्थ त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात काही बोलला आणि दोघे रांग सोडून बाहेर गेले. शेकडा किती कापून व्यवहार झाला ते मला ऐकू आले नाही.

त्यानंतर काही काळाने मी बँक सोडली, पण त्या माणसामुळे सोडली असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मला बढती नाकारली गेली होती, मुलगी शिकून बाहेरगावी गेली होती, आणि एका ओळखीच्या विश्वस्तांना हिशेब व दैनंदिन कारभार दोन्ही सांभाळणारे कुणीतरी हवे होते. जुने सहकारी भेटले की हमखास एकच विचारतात: “समाधान मिळत असेल ना?” या प्रश्नाला होकार देण्याची पद्धत आहे, म्हणून मी होकार देते. प्रत्यक्षात माझा दिवस ढेकणांच्या औषधाची दरपत्रके, पाण्याच्या टँकरची वेळ, चादरी धुणाऱ्याचे थकलेले बिल, क्षयरोगाच्या तपासणीला कोण गेले आणि कोण टाळतो याची यादी, आणि मोबाइल चार्जिंगच्या प्लगवरून झालेली मारामारी यांत जातो. निवाऱ्यात सर्वांत जास्त भांडणे जेवणावरून किंवा जागेवरून होत नाहीत, प्लगवरून होतात. ज्याचा फोन बंद, त्याला उद्याच्या कामाचा निरोप येत नाही. हे समजल्यावर मी सोलरच्या दिव्यांसाठी आलेली देणगी देणगीदाराच्या लेखी परवानगीने प्लगच्या पट्ट्यांकडे वळवून घेतली, आणि या पदावर मी केलेल्या कामांपैकी हे एक मला आजही निर्विवाद वाटते.

पैशाचे गणित थोडक्यात सांगण्यासारखे आहे, कारण ते आपल्याकडे फारसे कुणी मांडत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची तरतूद होती. किमान पन्नास जणांचा, बाराही महिने चोवीस तास उघडा, माणशी पन्नास चौरस फूट जागा असलेला निवारा, आणि तो चालवण्यासाठी वर्षाला सहा लाख रुपये, असे त्या मार्गदर्शक सूचनांचे माप. सहा लाखांना पन्नासांनी आणि मग ३६५ दिवसांनी भागले की माणशी दिवसाला तेहेतीस रुपये येतात. त्याच सूचनांप्रमाणे एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीने तीन केअरटेकर असावे लागत. महिन्याला पन्नास हजार आणि माणसे चार. प्रत्येकाला साडेबारा हजार दिले की विजेच्या बिलासाठी, फिनाइलसाठी, नळाच्या वॉशरसाठी काहीही उरत नाही, आणि मुंबईत साडेबारा हजारांवर रात्र जागणारा चांगला माणूस मिळतो असे ज्याला वाटते त्याने तो शोधून दाखवावा. उरलेली रक्कम आम्हाला देणग्यांतून उभी करावी लागते.

आणि देणगीदाराला केअरटेकर नको असतो. त्याला गाद्या हव्या असतात, ब्लँकेट हवे असते, संगणक हवा असतो, ज्याच्यावर नाव रंगवता येते ते सारे हवे असते. नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर घातले, त्यामुळे आमच्यासारख्यांकडे पैसा येऊ लागला हे खरे आहे आणि त्याचे मोल मी नाकारत नाही. त्या नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला लावलेली मर्यादा आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नव्हे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने तसा खुलासाही केलेला आहे. तरीही प्रस्तावाच्या बैठकीत कुणीतरी तरुण अधिकारी पगाराच्या ओळीवर बोट ठेवून “हे पाच टक्क्यांत बसवा” असे म्हणतो, आणि मी पिशवीतून त्या खुलाशाची प्रत काढते. ती प्रत मी कायम जवळ बाळगते. बँकेत असताना आमच्या विभागाने एका सल्लागार कंपनीला जे शुल्क दिले होते, त्यात आमचा निवारा कितीतरी वर्षे चालला असता आणि त्या अहवालातून काय निघाले हे कुणी विचारले नव्हते. इथे झाडूची किंमत विचारली जाते. याचा मला राग येतो, पण झाडूची किंमत विचारली जाऊ नये असेही मला वाटत नाही, आणि या दोन भावना एकमेकींना खोडत नाहीत.

जागेचेही असेच आहे. माणशी खर्च कमी करायचा तर शहराच्या टोकाला, भाडे कमी असेल तिथे, मोठा निवारा काढावा, असे कुठलेही कोष्टक सांगेल. एका हितचिंतकाने आम्हाला खाडीपलीकडे जागा देऊ केलीही होती आणि कागदावर ती सुरेख दिसत होती. पण केटरिंगचा टेम्पो वाढप्यांना दादरला सोडतो रात्री दीडला. शेवटची लोकल चुकली की तो माणूस खाडीपलीकडची गादी सोडून दादरच्याच पुलाखाली पाठ टेकणार. पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच ओळखले होते. माणसे पदपथावर राहतात ती तिथून काम जवळ असते म्हणून, आणि तिथून हटवणे म्हणजे उपजीविका हिरावणे, हा मुद्दा मुख्य न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निकालात मान्य झाला आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात गणला गेला. त्याच निकालाने पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला, फक्त पावसाळा उलटून ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितले. हक्क मोठा मिळाला आणि मुदत छोटी. आज एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असे माप धरले तर २०११ च्या जनगणनेतल्या सव्वा कोटी मुंबईला सुमारे सव्वाशे निवारे हवेत. शहर त्याच्या जवळपासही नाही. त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत मोजलेले मुंबईतले बेघर सत्तावन्न हजारांच्या घरात होते. त्या रात्री केटरिंगच्या टेम्पोत असलेल्यांना कुणी कुठे मोजले असेल, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

तर मामांची वही. विश्वस्तांच्या सभेपुढे मांडण्याआधी मी त्यांचे हजेरीपत्रक काढले, आणि त्यात मला वहीपेक्षा अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट सापडली: त्यांनी कित्येक महिन्यांत एकही रजा घेतलेली नव्हती. बँकेत हा धोक्याचा बावटा असतो. रोकड किंवा तत्सम नाजूक काम सांभाळणाऱ्याला वर्षातून सलग दहा कामकाजाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, कारण अफरातफर करणारा माणूस खुर्ची सोडत नाही. तो नसताना दुसरा बसला की बिंग फुटते. मामांनीही खुर्ची सोडली नव्हती. मी सरळच विचारले. ते म्हणाले, “जाऊ कसा मॅडम? किल्ली कुणाकडं देऊ?” जालन्याकडच्या त्यांच्या गावी पुतणीचे लग्न झाले, त्याला ते गेले नव्हते. पेटीची किल्ली करगोट्याला बांधून ते अंघोळही करत असत. गुन्हेगाराची आणि विश्वासू माणसाची लक्षणे हजेरीपत्रकावर तंतोतंत सारखी दिसतात, हे मला इतकी वर्षे तपासणी करूनही ठाऊक नव्हते.

सभेत एका विश्वस्तांनी “उद्यापासून बंद करा” असे म्हटले. संस्थेच्या नावाची काळजी करणारा माणूस दुसरे काय म्हणणार? दुसऱ्यांनी प्रत्येकाला कुलूपबंद कप्पा द्यावा असे सुचवले. कप्प्यांची चौकशी मी आधीच केली होती, निवाऱ्यात जाऊन विचारलेही होते, आणि ‘चष्मा’ने त्याचा निकाल एका वाक्यात लावला होता: कुलूप तुटते, किल्ली हरवते, आणि दारू प्यायलेल्या रात्री किल्ली आपल्याच खिशात असते. मामा मात्र दारू प्यायलेल्या माणसाला पैसे देत नाहीत. सकाळी ये म्हणतात. राहणाऱ्यांना पेटी नको होती, मध्ये एक माणूस हवा होता.

बँक खात्यांचा मार्गही आम्ही धरला आणि तो अजून सोडलेला नाही. ज्याच्याजवळ कागदपत्रे नाहीत त्यालाही फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा घेऊन छोटे खाते उघडून द्यावे, अशी तरतूद आहे: शिल्लक पन्नास हजारांच्या आत, वर्षभरातली जमा एक लाखाच्या आत, महिन्याला काढायची रक्कम दहा हजारांच्या आत, आणि मुदत बारा महिने, जी ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला की आणखी बारा महिने वाढते. नियम इतका समंजस आहे की मला तो वाचून दाखवायला आवडतो. शाखेत मात्र काउंटरवरच्या मुलीने तो कधी ऐकलेलाच नसतो, तिचे साहेब म्हणतात आधार आणा, आणि आधारसाठी पत्ता लागतो. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठराविक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधारला चालते, म्हणून आता महिन्यातून एक दुपार मी अशा प्रमाणपत्रांवर सह्या करण्यात घालवते. ‘परभणी’चे खाते अशा रीतीने उघडले. पासबुक हातात आल्यावर त्याने ते मामांकडे ठेवायला दिले.

शेवटी विश्वस्तांनी जे मान्य केले ते माझ्या बँकेतल्या अनुभवातून आले होते. राहणाऱ्यांच्या रकमेचे स्वतंत्र रजिस्टर, छापील पावतीपुस्तक, कार्बन प्रत, क्रमांक घातलेल्या मोहोरबंद पिशव्या, दोन किल्ल्यांची भिंतीत बसवलेली तिजोरी, माणशी दहा हजारांची कमाल मर्यादा, रोज सकाळी दोघांच्या सहीने मोजणी. ताळेबंदात ही रक्कम घ्यायची नाही, पण हिशेबावरच्या टिपांमध्ये ती संस्थेची मालमत्ता नसून राहणाऱ्यांच्या वतीने सांभाळली जाते असे स्पष्ट लिहायचे. ऑडिटरने टिपेचा मजकूर बराच घोळवला, पण मान्य केला. मामांना वाईट वाटेल असे मला वाटले होते. ते तर पहिल्या दिवशी दुसरी किल्ली व्यवस्थापकांच्या हातात देऊन खाली बसले आणि बराच वेळ कंबर चोळत राहिले.

काही जणांनी मात्र पैसे ठेवणे थांबवले. पावतीवर खरे नाव लागते. ‘परळ पुलाखाली होता तो’ याला खरे नाव कुठेही लिहून द्यायचे नव्हते. का, ते मामांना ठाऊक असावे आणि मी विचारले नाही. भिकारी प्रतिबंधाच्या जुन्या कायद्याखाली कधी उचलले गेलेले, गावी कुणाचे देणे असलेले, कुणाला शोधू द्यायचे नसलेले असे लोक शहरात असतात, आणि त्यांच्यासाठी टोपणनावाची वही हीच एकमेव पेढी होती. ती मी बंद केली. बंद करायला हवी होती असेच मला आजही वाटते, आणि त्या माणसाने नंतर आपले पैसे कुठे ठेवले असतील हेही मनातून जात नाही.

दिवाळीनंतर मी मामांना सलग दहा दिवस गावी पाठवले. त्या काळात निवाऱ्याची कसलीच गैरसोय झाली नाही: दिवे लागले, पाणी आले, मोजण्या वेळेवर झाल्या, बदली केअरटेकर सालस आणि तत्पर होता. लग्नसराई नुकतीच सुरू झाली होती आणि टेम्पो रोज भरून जात होते. रजिस्टर तपासले तर त्या दहा दिवसांत जमेची एकही नोंद नव्हती, आणि काढल्याचीही नव्हती. दोन किल्ल्या, कार्बन प्रती, मोहोरबंद पिशव्या, सारे जागच्या जागी होते. लोक मामांची वाट पाहत पैसे कमरेला बांधून झोपले होते. मामा परत आले त्या रात्री व्यवस्थापकांना दुसरे पावतीपुस्तक फोडावे लागले.

म्हणून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात मी रात्रपाळीसाठी आणखी एका केअरटेकरचा बारा महिन्यांचा पगार धरला आहे. तो मामांच्या सोबतीने बसेल, चहा पिईल, प्लगवरची भांडणे सोडवील, आणि लोक त्याच्या हातात पैसे देऊ लागेपर्यंत त्याच्याकडून दुसरी कसलीही अपेक्षा ठेवायची नाही, असे प्रस्तावात जवळपास याच शब्दांत लिहिले आहे. देणगीदार कंपनीचा अर्ज ठराविक नमुन्याचा आहे. त्यात या खर्चापुढे अतिरिक्त लाभार्थ्यांची संख्या भरावी लागते. गाद्या तेवढ्याच आहेत, त्यामुळे मी शून्य भरले. परवा त्यांच्याकडून विचारणा आली: शून्य ही टंकलेखनातली चूक आहे का, आणि नसल्यास या रकमेत सीसीटीव्ही आणि बोटांच्या ठशांवर उघडणारे कप्पे का बसवू नयेत. उत्तराला सोमवारपर्यंतची मुदत आहे. मी दोन्हींचे पाच वर्षांचे खर्च शेजारी शेजारी मांडले आहेत. कप्पे स्वस्त पडतात, तेही लिहिले आहे, आणि खाली त्या दहा दिवसांच्या रजिस्टरच्या पानाची प्रत जोडली आहे.